लेहमधलं नेट झीरो घर: भिंत किती, काच किती, पॅनल किती?

धरमपेठी_नकाशे
मंडळी, लेह शहराजवळ एका चौकोनी कुटुंबासाठी घराचा नकाशा नागपुरातूनच करायचा आहे. एकमजली, १२.५ × ८ मीटर, लांब बाजू दक्षिणेला, आतली उंची २.७ मीटर, वर्षभर वापर. मालकांची अट एकच: बुखारी (खोली तापवायची शेगडी) नको, रॉकेल नको, गॅस नको आणि वर्षाअखेर विजेचा हिशेब शून्य.

सध्याचा आराखडा: ४५ सेंमी रॅम्ड अर्थच्या (थर ठोकून केलेल्या मातीच्या) भिंती, आरसीसी स्लॅब, साध्या डबल काचेच्या सरकत्या खिडक्या (एकूण १८ चौ.मी., त्यातल्या १३ दक्षिणेला), गच्चीवर १० किलोवॅट सोलर, खोल्यांत इलेक्ट्रिक हीटर. बाहेर उणे २०, आत २० अंश धरलं आहे.

प्रश्न: १) ४५ सेंमी भिंत पुरेशी आहे ना? २) इन्सुलेशन लावायचंच असेल तर आतून की बाहेरून? ३) १० किलोवॅट पुरतील का?

"नागपूरकराला थंडीतलं काय कळतं" हा प्रतिसाद गृहीत धरला आहे, तो सोडून लिहा.

संत्राबर्फी
नागपूरकराला थंडीतलं काय कळतं?
(कुणीतरी लिहायलाच हवं होतं. आता जाणकारांनी या.)

उष्मागणित
आधी तिसरा प्रश्न घेतो, म्हणजे पहिल्या दोघांची उत्तरं त्यातच निघतील.

जाड भिंत म्हणजे उबदार भिंत नव्हे. रॅम्ड अर्थची उष्णतावाहकता ०.९ च्या आसपास धरा. ४५ सेंमीचा रोध ०.५, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थराचा ०.१७, एकूण ०.६७. म्हणजे यू-व्हॅल्यू (एका चौ.मी.मधून दर अंशाच्या फरकाला निसटणारे वॅट) १.५. इको निवास संहिता २०१८ (घरांच्या ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली) मध्ये थंड प्रदेशासाठी छत सोडून उरलेल्या आवरणाचं यू कमाल १.८ आणि छताचं १.२ दिलं आहे, त्यामुळे तुमची भिंत नियमात बसते. नेट झीरोत बसत नाही.

उणे २० ला, म्हणजे ४० अंशांच्या फरकाला गळती अशी:
भिंत ९९ चौ.मी. × १.५ × ४० = ५,९४० वॅट
छत १०० × १.२ × ४० = ४,८०० (नियमापुरतं इन्सुलेशन आहे असं धरून; नुसता स्लॅब असेल तर दुपटीच्या वर)
काच-दार २० × २.८ × ४० = २,२४०
जमीन १०० × ०.७ × १५ = १,०५० (खालची माती ५ अंशांवर धरली)
फटींतली हवा, ताशी एक वेळा बदल: २७० × ०.२२ × ४० = २,३७६

बेरीज १६.४ किलोवॅट. ऑक्टोबर ते मार्च बाहेरचं सरासरी तापमान उणे २ धरलं तर सरासरी गळती ९ किलोवॅट आणि सहा महिन्यांत सुमारे ३९,००० युनिट. ऊन आणि माणसांची ऊब यांतून ४,००० वजा करा. उरलेले ३५,००० युनिट हीटरने जाळायचे. १० किलोवॅटचे पॅनल, सावधपणे किलोवॅटमागे १,५०० युनिट धरले तर, वर्षाला १५,००० देतील. पॅनल वाढवून हे गणित सुटत नाही, गच्चीच पुरणार नाही.

तळटीप: हवेसाठी समुद्रसपाटीला ०.३४ हा आकडा वापरतात. लेह ३,५०० मीटरवर आहे, हवा तिथल्या दाबाला साधारण ६५ टक्केच दाट, म्हणून ०.२२. पुस्तकातला आकडा तसाच उचलू नका.

कोबावाला
भाऊ, आकडे मान्य. पण लडाखात माणसं शेकडो वर्षं मातीच्या घरात राहून राहिली ना? त्यांना कोणी यू-व्हॅल्यू शिकवली होती? मातीचं घर बांधून त्याला वरून थर्माकोलचा स्वेटर घालायचा, हे काही पटत नाही.

उष्मागणित
@कोबावाला, ती घरं वेगळ्या हिशेबाने चालायची. खाली जनावरं, वर लहान खिडक्या, आणि हिवाळ्यात सगळं कुटुंब चुलीच्या एका खोलीत. बाकीच्या खोल्या गारच. तापवायचं क्षेत्र १५-२० चौ.मी. आणि आतलं तापमान २० अंश कधीच नाही. इथे मालकांना १०० चौ.मी. पूर्ण घर २० अंशांवर हवंय. पद्धत जुनी आणि अपेक्षा नवी, हे जमत नाही.

ऊनसावली
दोघांच्या मधलं सांगते. लेहजवळ फे गावाजवळचं सेकमॉल या शाळेचं आवार बघा. रॅम्ड अर्थ, दक्षिणमुखी रचना, आणि हिवाळ्यात दर्शनी भागावर प्लास्टिकचं ग्रीनहाऊस, जे उन्हाळ्यात काढून ठेवतात. लेहला हिवाळ्यात ऊन भरपूर, आकाश निरभ्र. पण हा उपाय दिवसाची कमाई करून देतो. रात्री ती टिकवणं हे भिंतीचं आणि छताचं काम.

खिडकीचा जमाखर्च करून बघा. दक्षिणेच्या उभ्या काचेवर हिवाळ्यात दिवसाला ३.५ युनिट प्रति चौ.मी. धरले, काचेने त्यातली निम्मी उष्णता आत सोडली, तर जमा १.७५. ट्रिपल काच (चौकटीसह यू ०.९) २४ तासांत गमावते ०.४८ युनिट. निव्वळ नफा. साधी डबल काच (२.८) गमावते १.४८, म्हणजे नफा जवळपास शून्यावर. उत्तरेची खिडकी कशीही केली तरी तोट्यातच. म्हणून उत्तरेला फक्त उजेडापुरत्या, न उघडणाऱ्या छोट्या खिडक्या ठेवा.

छज्जा: २१ डिसेंबरला दुपारी लेहला सूर्य ३२ अंशांवर, २१ जूनला ७९ वर. ४० सेंमीचा छज्जा जूनमध्ये २.१ मीटर सावली देतो आणि डिसेंबरमध्ये फक्त २५ सेंमी. छज्जा आणि काचेच्या वरच्या कडेत २५ सेंमी अंतर सोडलं की हिवाळ्यातलं दुपारचं पूर्ण ऊन आत. आपल्याकडच्या सवयीने ७५ सेंमीचा छज्जा काढू नका. नागपुरात जूनमध्ये सूर्य माथ्यावरून थोडा उत्तरेलाच जातो, तिथलं गणितच निराळं.

आणि बिचाऱ्या सनस्पेसला (दक्षिणेला जोडलेल्या, उन्हाने तापणाऱ्या काचेच्या खोलीला) हीटर लावू नका. सनस्पेस आणि घर यांच्यामध्ये घट्ट बसणारं दार हवं. सकाळी ऊन आल्यावर उघडायचं, चारच्या सुमाराला लावायचं.

एडमंटनवासी
इकडच्या पद्धतीतलं थोडं. थंड प्रदेशातल्या अशा घरांची सुरुवात सांगायची तर कॅनडात रेजायना इथलं सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाऊस, १९७७. दुहेरी भिंत, आर-४० च्या वर, छत आर-६०, हवेतली उष्णता परत मिळवणारं यंत्र. आर म्हणजे रोध, इकडच्या मापात; आर-४० म्हणजे तुमच्या भाषेत यू ०.१४. त्या घरातली महागडी सोलर कलेक्टर यंत्रणा नंतर काढावी लागली. भिंती, छत आणि हवाबंदपणा मात्र टिकला. मग १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटचं पहिलं पॅसिव्ह हाऊस. तिथून पुढे आलेले निकष आजही चालतात: वर्षाला चौ.मी.मागे १५ युनिट उष्णता आणि ५० पास्कल दाबाला ताशी ०.६ पेक्षा जास्त हवाबदल नको.

एकमजली छोट्या घराला १५ गाठणं जड जातं, कारण क्षेत्राच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त. तोच नकाशा दुमजली, ६.५ × ८ केला तर छत आणि जमीन निम्म्यावर येतात. मालकांना विचारून बघा.

धरमपेठी_नकाशे
घरात आजी आहेत, जिना नको म्हणतात. एकमजलीच धरा.

उष्मागणित
मग आकडे असे ठेवा: भिंत ०.१६, छत ०.१२, जमीन ०.२२, खिडकी चौकटीसह ०.९, हवाबंदपणा ०.६. गळती:
भिंत ६३४, छत ४८०, जमीन ३३०, काच-दार ७२०, सांधे १५०, वायुवीजन १७६ (ताशी १०० घनमीटर, ८० टक्के उष्णता परत), फटी ९५.
एकूण सुमारे २,६०० वॅट. १६.४ चे २.६ झाले.

साहित्याची जाडी: भिंतीला २०० मिमी थर्माकोल म्हणजे ईपीएस (०.०३६), छताला ३०० मिमी, जमिनीखाली १५० मिमी एक्सपीएस (पाणी कमी धरणारा घट्ट फोम).

आता प्रश्न २, आतून की बाहेरून. दोन्हीकडे रोध सारखाच, ६.२. पण माती आणि थर्माकोल जिथे भेटतात तिथलं तापमान बघा. बाहेरून लावलं तर तो सांधा सुमारे १६ अंशांवर. आतून लावलं तर तोच सांधा उणे १७ च्या आसपास. २० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ६ अंश. म्हणजे आतून लावलेल्या थर्माकोलच्या मागे घरातली वाफ गेली की तिथेच गोठणार, मार्चमध्ये वितळणार आणि मातीची भिंत आतून भिजणार. बाहेरूनच लावा.

दुसरा फायदा: माती उबेच्या बाजूला राहते. ९९ चौ.मी. × ०.४५ म्हणजे ४४ घनमीटरच्या वर, सुमारे ८४ टन माती. एका अंशाला २१ युनिट साठवते. अर्धीच माती साथ देते असं धरलं तरी वीज गेल्यावर उणे २० मध्ये घर चार तासांत एक अंश उतरेल.

कोबावाला
ह्याले म्हणतात उत्तर. चार तासांत एक अंश! माघार. पण मातीवर थर्माकोल चिकटेल कसं, ते सांगा.

गिलावा_मास्तर
नुसत्या गोंदावर चिकटणार नाही. रॅम्ड अर्थचा पृष्ठभाग भुरभुरतो, वारं आणि गोठण-वितळण यात गोंदासकट मातीचा पापुद्रा सुटतो. क्रम असा:

भिंतीवर ब्रश मारून सुटी माती काढा. १०० मिमीचे दोन थर लावा, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येता कामा नयेत. चौ.मी.ला ६ ते ८ लांब प्लास्टिक अँकर, कोपऱ्यांना जास्त. अँकर मातीत किती धरतो याची ओढ-चाचणी नमुना भिंतीवर आधी घ्या. धरत नसेल तर रॅम करतानाच ६० सेंमी अंतराने लाकडी पट्ट्या आत बसवा आणि स्क्रू त्यात मारा. वरून पॉलिमर गिलावा, त्यात अल्कली-रोधक फायबर जाळी, सांध्यावर जाळी १० सेंमी एकावर एक. खिडकीच्या चारही कोपऱ्यांना जाळीचा तिरपा तुकडा द्या, नाहीतर तिथून ४५ अंशांची भेग हमखास जाते. खिडक्यांच्या वर थर्माकोलऐवजी रॉकवूलची (न जळणाऱ्या दगडी लोकरीची) पट्टी, आग वर चढू नये म्हणून. प्लिंथपासून (जोत्यापासून) ३०-४० सेंमी उंचीपर्यंत एक्सपीएस, कारण बर्फ तिथे साचतो आणि ईपीएस हळूहळू पाणी धरतं. ते एक्सपीएस जमिनीखाली आणखी ६० सेंमी उतरवा.

लोकर भरायचा विचार असेल तर बोरॅक्सची प्रक्रिया केलेली, नाहीतर कसर लागते. आणि पश्मीना भरू नका, घरापेक्षा भिंत महाग होईल.

शून्याचा_हिशेबनीस
एक कटू प्रश्न. मथळ्यात नेट झीरो लिहिलंय, पण बांधकामातल्या उत्सर्जनाचं काय? १०० चौ.मी.चा १५ सेंमी स्लॅब म्हणजे १५ घनमीटर काँक्रीट, घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर सव्वापाच टन सिमेंट, म्हणजे साडेचार टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. सळई वेगळी, ट्रक वेगळे. एक्सपीएस फुगवायला काही कारखाने एचएफसी वायू वापरतात. त्यातला १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवणारा. ईपीएस पेंटेनने फुगवतात, ते परवडतं. एक्सपीएस घेताना आत कोणता वायू आहे हे विक्रेत्याला विचाराच.

माझ्या मते स्लॅब काढून लडाखी पद्धतीचं छत करा: पॉपलरचे वासे, वर विलोच्या काटक्या, गवत, माती. इन्सुलेशन त्याच्या वर.

गिलावा_मास्तर
छान दिसेल. पण हवाबंद कसं करणार? काटक्यांच्या प्रत्येक फटीतून हवा जाणार आणि वासे भिंतीत शिरतात तिथे तर राजमार्गच. शिवाय ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहच्या मातीच्या घरांचं काय झालं ते आठवा.

शून्याचा_हिशेबनीस
ढगफुटीत पूर आणि गाळ हा मोठा भाग होता, सगळं खापर छतावर नको. हवाबंदीचं उत्तर आहे: वासे भिंतीच्या बाहेर काढायचेच नाहीत. काटक्यांच्या वर प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चकत्या दाबून केलेला बोर्ड), सांधे टेपने बंद, त्यावर बाष्परोधक थर. तो थर भिंतीवरून खाली उतरवून भिंतीच्या आतल्या गिलाव्यात जाळीने दाबायचा. आत बसून वर बघितलं तर काटक्याच दिसतील.

एडमंटनवासी
+१. मात्र बाष्परोधक थर इन्सुलेशनच्या उबेच्या बाजूला म्हणजे खालीच. लाकडी छतात पाइप-वायर लपवायला थोडं इन्सुलेशन आतून द्यावं लागलं तर एक तृतीयांशाची मर्यादा पाळा: एकूण रोधाचा दोन तृतीयांश तरी त्या थराच्या बाहेर हवा. तेव्हा उणे २० ला थराचं तापमान ६.७ अंश राहतं, दवबिंदू ६. जेमतेम सुटतं. निम्मं आत निम्मं बाहेर केलं की शून्य अंश, आणि तिथे पाणी.

इकडे थराच्या आत ५०-७५ मिमीची पोकळी सोडतात, सगळं वायरिंग त्यात. इलेक्ट्रिशियनला त्या थरात भोक पाडायची गरजच पडत नाही.

कोबावाला
आपल्याकडे इलेक्ट्रिशियनला गरज लागत नाही, तो तसाही पाडतो.

फटीफटीत
@कोबावाला यांनी गमतीत खरी गोष्ट सांगितली. मातीच्या किंवा विटांच्या घरात हवेची मोठी गळती भिंतीतून होत नाही, स्विचबोर्डाच्या डब्यातून होते. मिस्त्री भिंत कोरून डबा बसवतो, मागे गिलावा नाही, कन्ड्यूट (वायरची नळी) थेट छतापर्यंत. गार हवा त्याच नळीतून फिरते. डबा बसवण्याआधी खाचेत गिलावा भरायचा, डबा ओल्यात दाबायचा, कन्ड्यूटचं तोंड सिलिकॉनने बंद.

दुसरी जागा: स्लायडिंग खिडकी. ब्रशवर बंद होणारी खिडकी ०.६ कधीच देणार नाही. चौकटीला दोन-तीन रबर गास्केट असलेली, आत उघडणारी यूपीव्हीसी किंवा लाकडी झडप घ्या. चौकट भिंतीच्या मध्यावर न बसवता बाहेरच्या इन्सुलेशनच्या थरात आणा, आणि थर्माकोल चौकटीवर २-३ सेंमी चढवा. आत टेप, बाहेर पाणीरोधक टेप, मध्ये फोम. नुसता फोम भरून मोकळं होऊ नका, तो आकसतो.

तिसरी: स्लॅब ठेवलाच तर बाहेर काढलेली बाल्कनी आणि कठडा. न तोडलेल्या बाल्कनी स्लॅबला मीटरमागे ०.८ वॅट प्रति अंश धरा. ६ मीटर बाल्कनी × ०.८ × ४० = १९२ वॅट. तुमच्या सगळ्या वायुवीजनाच्या गळतीपेक्षा जास्त! बाल्कनी वेगळ्या खांबांवर उभी करा.

संत्राबर्फी
अवांतर: हवाबंद घर नागपुरात चालेल का? "कूलर लावला की मागची खिडकी उघडी ठेव" हे ज्या शहरात आई लेकराला शिकवते तिथे?

ऊनसावली
अवांतराला थोडक्यात: डेझर्ट कूलर आणि हवाबंद घर दोन्ही एकत्र नांदत नाहीत. कूलर ताशी हजारो घनमीटर हवा ढकलतो, ती बाहेर जायला वाट हवी. नागपूर संमिश्र हवामानात मोडतं: मे मध्ये कूलर मस्त चालतो, जुलैत दमट हवेत बंद पडल्यातच जमा. एसीचं घर करायचं तर हवाबंदी उपयोगी, आणि तिथे वाफ उलट्या दिशेने, बाहेरून आत येते. लेहचा बाष्परोधक थर इथे आतून लावला तर पावसाळ्यात त्याच्याच मागे ओल धरेल. इथे पहिला खर्च छतावर आणि पश्चिमेच्या भिंतीच्या सावलीवर. लेहला ४० अंशांचा फरक, इथे ४५ आणि २६ म्हणजे १९ चा. निम्मं इन्सुलेशन पुरतं. बाकी वेगळा धागा काढा.

नळीवाला
यंत्रांकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

वायुवीजन: एचआरव्हीऐवजी (जाणाऱ्या हवेतली फक्त उष्णता परत देणाऱ्या यंत्राऐवजी) ईआरव्ही घ्या. उणे २० च्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ०.९ ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांना १७.३. बाहेरची हवा तापवून आत आणली की आर्द्रता ५ टक्क्यांवर येते. ईआरव्ही जाणाऱ्या हवेतली वाफही परत देतो. पण यंत्राचा गाभा गोठतो. त्यासाठी आधी हवा उणे ५ पर्यंत तापवणारी कॉइल: १०० × ०.२२ × १५ = ३३० वॅट. यंत्र आणि त्याची पाणी जाणारी नळी इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला, नळीला उतार आणि सापळा. बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही डक्टना ५० मिमी इन्सुलेशन, वरून बाष्परोधक आवरण. नाहीतर डक्टवरून पाणी ठिबकतं आणि मालक छत गळतंय म्हणून फोन करतो.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारा, उलटा चालणारा एसी): "हॉट अँड कोल्ड" लिहिलेले आपल्याकडचे बहुतेक स्प्लिट उणे ७ च्या आसपास हात वर करतात. उणे २५ पर्यंत क्षमता लिहून दिलेलं मॉडेल घ्या, आणि ती क्षमता उणे २० ला किती उरते हे पत्रकात बघा, पाटीवरचा आकडा बाहेर अधिक ७ अंश असतानाचा असतो. विरळ हवेसाठी आणखी कपात कंपनीकडून लेखी घ्या. उणे २० ला सीओपी (एका युनिट विजेत मिळणारी ऊब) २ धरा, हंगामाचा सरासरी २.५. बाहेरचं युनिट जमिनीपासून ५०-६० सेंमी वर, तळाशी हीटर असलेलं, आणि छताचं पाणी ज्याच्यावर ठिबकणार नाही अशा जागी. हवा कोरडी असल्याने युनिटवर बर्फ धरण्याचा त्रास तिथे दमट थंडीपेक्षा कमी.

पाणी: गच्चीवर काळी टाकी अजिबात नको. टाकी घरात, नळ्या आतल्या भिंतींतून, बाहेरची जोडणी जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली. किती खोल ते स्थानिक मिस्त्री अचूक सांगतात.

पॅनलपंडित
२.६ किलोवॅटच्या घराचं वर्ष मांडतो. सहा महिन्यांची गळती ६,१०० युनिट; माणसं-उपकरणं १,२००, ऊन २,३०० वजा; उरले २,६००. सीओपी २.५ ने १,०४० युनिट वीज. गरम पाणी (रोज १६० लिटर) हीट पंपवर १,२००, घरखर्च आणि इंडक्शन २,०००, ईआरव्ही आणि कॉइल ३००. एकूण साडेचार हजार. किलोवॅटमागे १,५०० ने ३ किलोवॅट. डिसेंबरसाठी आणि जुनं होण्यासाठी ४ लावा. १० नको.

पॅनल गच्चीवर सपाट न लावता ५०-६० अंशांवर. हिवाळ्यात जास्त देतात आणि बर्फ घसरतो. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो: ५० व्होल्टचं पॅनल उणे २५ ला ५७ च्या जवळ. मूळ आराखड्यातल्या १० किलोवॅटमध्ये एकामागे एक जोडलेल्या ११ पॅनलची माळ केली असती तर ६२० च्या वर, आणि ६०० व्होल्टचा इन्व्हर्टर पहिल्याच जानेवारीच्या सकाळी गेला असता. लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, ती घरातच ठेवा.

शून्याचा_हिशेबनीस
वर्षाअखेर शून्य म्हणजे जूनमधली वीज जानेवारीच्या रात्री वापरली असं कागदावर दाखवणं. त्या रात्री वीज निम्मू-बाझगोच्या पाण्यावरची आहे की श्रीनगरहून आलेल्या तारेतली, हे घराला ठरवता येत नाही. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीखाली बसून आपण शून्याच्या गप्पा मारतोय, तेवढं भान असू द्या. म्हणूनच गळती २.६ वर आणणं पॅनलपेक्षा महत्त्वाचं: ती जानेवारीतही कमीच असते.

काचवाला_सीताबर्डी
नागपुरातून ट्रिपल काच पाठवायचा विचार असेल तर थांबा. इथे ३१० मीटर उंचीवर सील केलेल्या काचेच्या पोकळीतला दाब लेहच्या हवेपेक्षा ३२ किलोपास्कल जास्त. कागदावर चौ.मी.ला सुमारे तीन टन. काचा बाहेर फुगतात, मोठ्या फुटतात, वाचल्या तर सील सुटून वर्ष-दोन वर्षांत आत धुकं. उपाय दोन: कारखान्यातच बारीक कॅपिलरी नळी बसवून घ्यायची म्हणजे वाटेत दाब जुळतो. पण मग पोकळीत भरलेला आर्गॉन वायू टिकत नाही, पोकळीत हवाच धरा आणि यू थोडा वाढवून हिशेब करा. किंवा उंचीवरच सील करणारा पुरवठादार शोधा.

वाटही बघा. मनालीकडून टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. श्रीनगरकडून सर्वांत उंच फोतू ला, ४,१०० च्या आसपास. काच श्रीनगरमार्गे न्या. ट्रकमध्ये काच उभीच, आडवी कधीही नाही.

उष्मागणित
वा! हे कुठल्याही नियमावलीत सहज सापडलं नसतं. ०.९ ऐवजी १.० धरा, २० चौ.मी.ला ८० वॅटच वाढतात, चालेल.

धरमपेठी_नकाशे
सगळ्यांचे आभार. आराखडा बदलून असा: रॅम्ड अर्थ ४५ सेंमी आत, बाहेर २०० मिमी ईपीएस, प्लिंथला एक्सपीएस. छत लाकडी, वासे भिंतीच्या आत थांबलेले, वर ओएसबी, टेप, बाष्परोधक, ३०० मिमी. खिडक्या आत उघडणाऱ्या, कॅपिलरी नळीसह. बाल्कनी रद्द, दक्षिणेला सनस्पेस. ईआरव्ही, हीट पंप दोन छोटे, पॅनल ४ किलोवॅट. दुहेरी दाराचा छोटा व्हरांडा प्रवेशाला.

उरलेला प्रश्न: ब्लोअर डोअरचं (दारात पंखा बसवून हवेची गळती मोजणारं) यंत्र तिथे मिळालं नाही तर हवाबंदपणा तपासायचा कसा, आणि कधी?

फटीफटीत
यंत्र भाड्याने मागवा, ट्रकभर काचेच्या खर्चात ते काहीच नाही. नाहीच मिळालं तर आकडा मिळणार नाही, पण फटी सापडतात: सगळं बंद करून स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट सुरू करा आणि उदबत्ती घेऊन चौकटी, स्विचबोर्ड, छताचा कोपरा, नळ्यांची भोकं यांवरून फिरा. धूर आत वळला की तिथे खडूची खूण. थंडीतल्या सकाळी केलं तर हातालाही कळतं.

कधी: खिडक्या बसल्यावर, आतला गिलावा वाळल्यावर, वायरिंगची पोकळी झाकायच्या आधी. छताचा थर आणि भिंतीचा गिलावा जिथे भेटतात ती रेघ तेव्हाच उघडी दिसते. झाकल्यावर सापडलेली फट दुरुस्त करायला पोकळीचं लाकूड उखडावं लागतं. आणि तोच एक्झॉस्ट नंतर स्वयंपाकघरात ठेवू नका. ताशी ४०० घनमीटर हवा ओढणारा पंखा ईआरव्हीचा सगळा तोल बिघडवतो. चुलीवर फिल्टरवाला, हवा आतच फिरवणारा हूड पुरे, इंडक्शन आहेच.

धरमपेठी_नकाशे
नोंदवलं. छत-भिंतीच्या त्या रेघेचं १:५ चं रेखाचित्र उद्या इथे टाकतो, गिलावा_मास्तर आणि एडमंटनवासी यांनी लाल पेनाने बघावं.